पूर्वपक्षाचा हिवाळा

हुरडा आला! परवा मोहोळहून माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन, "मॅडम, रविवारी शेतावर यायचं, आगटी पेटवतोय, कारणं चालणार नाहीत." आता सोलापूरच्या माणसाला हुरड्याचं आवतण आलं तर तो कसली कारणं देणार? गेले. पोत्यावर बसकण मारली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली, धुरानं डोळे चुरचुरतायत, कुणीतरी भाजलेलं कणीस तळहातावर चोळून हिरवेगार दाणे माझ्या पुढ्यात टाकतंय, आणि पहिल्या गरम घासाबरोबर, शेंगाचटणीचा ठसका बसायच्या आत, मी मनानं थेट तुरुंगात! घरचे म्हणतात, हुरडा खाल्ला की तुला तुरुंग आठवतो हे चारचौघांत बोलत जाऊ नकोस, लोक भलतंच समजतील. समजू देत बापडे.

काही वर्षांपूर्वीचा तो हिवाळा होता. मी इथल्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते. म्हणजे काय करते, तर रिकाम्या बाकांशी मोठमोठ्यानं बोलते. या विषयाला मुलं येतात ती बहुतेक दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून. त्यामुळे तुरुंगातल्या कैद्यांसाठी आठवड्यातून एकदा कुणीतरी शिकवायला यावं असा निरोप आमच्याकडे आला आणि बाकी सगळ्या प्राध्यापकांना एकाच वेळी महत्त्वाची कामं निघाली, तेव्हा मी हात वर केला. प्राचार्य म्हणाले, "व्यक्तिमत्त्व विकास घ्या." मी म्हटलं, "तत्त्वज्ञान घेते." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "बघा बुवा."

मंगळवारची दुपार ठरली. मोठ्या दारातलं ते छोटं दार. त्यातून वाकूनच आत जावं लागतं, तुम्ही कुणीही असा. पर्स बाहेर, मोबाइल बाहेर, पेनसुद्धा बाहेर. हातात फक्त खडू. आत फिनेलचा वास, त्यात कुठूनतरी शिजत्या डाळीचा वास मिसळलेला, आणि अंगणात डिसेंबरचं ते आपलं खास ऊन, सकाळी हवंहवंसं वाटणारं आणि दुपारी बाराला टाळू तापवणारं. भिंतीला पाठ लावून माणसं ऊन खात बसलेली. माझ्याकडं बघून कुणी हललं नाही. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू? पण त्या भीतीच्या मागं एक उकळी पण फुटत होती. इतकी वर्षं ज्या विषयासाठी कुणी हौसेनं आलं नाही, तो विषय घेऊन मी अशा ठिकाणी चालले होते जिथं माणसांकडं विचार करायला वेळच वेळ होता!

पहिल्या दिवशी मी माती खाल्ली. ग्रीसमधला एक म्हातारा तत्त्वज्ञ, त्याला झालेली मृत्युदंडाची शिक्षा, मित्र तुरुंगातून पळवून न्यायला तयार असताना त्यानं दिलेला नकार, मग तो विषाचा प्याला. कॉलेजात ही गोष्ट मी जीव ओतून सांगते. इथं प्रार्थनेच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेल्या माझ्या वर्गानं ती नीट ऐकून घेतली आणि मागून एकजण म्हणाला, "म्हंजे दार उघडं हुतं?" दुसरा म्हणाला, "पैसे बी भरले हुते मित्रानं?" तिसऱ्यानं सरळ निकाल दिला, "लई येडा मानूस, मॅडम." दाराशी उभे असलेले गायकवाड हवालदार मोठ्यांदा खोकले. तो विषय तिथंच थांबला.

घरी येऊन मी रडकुंडीला आले होते. आमचे हे म्हणाले, "तुरुंगात जाऊन पळून जाण्यावर चर्चा घेणारी तू पहिलीच." मला हसू आलं, आणि हसता हसता भांडण सुरू झालं, आणि भांडता भांडता मी माझं नेहमीचं वाक्य बोलले, "आधी मी काय म्हणतेय ते तरी समजून घ्या!" बोलले आणि एकदम ताडकन उठलेच. अगं बाई, हेच की! हेच शिकवायचं!

आपल्याकडचे जुने वादविवाद करणारे लोक काय झकास होते, आपल्याला त्याची कल्पनाच नाही. त्यांची एक रीत होती. समोरच्याचं म्हणणं खोडायचंय ना? खुशाल खोड. पण आधी ते मांड. नीट मांड, त्याची सगळी बलस्थानं दाखवून, त्यानं स्वतः मांडलं असतं त्याहून चांगलं मांड. हा पूर्वपक्ष. मग तुझं म्हणणं, तो उत्तरपक्ष. पुढच्या मंगळवारी मी फळ्यावर हे दोन शब्द लिहिले आणि पदरचा एक नियम जोडला. समोरचा जोवर "होय, मला हेच म्हणायचंय" असं आपल्या तोंडानं म्हणत नाही, तोवर आपला उत्तरपक्ष सुरू करायचा नाही. तोंड बंद.

सरावासाठी विषय घेतला शेंगाचटणीचा. चटणी उखळात कुटलेली चांगली की मिक्सरमधली? तुम्हाला वाटेल, हा काय विषय झाला! अहो, सतरंजी पेटली नाही एवढंच. उखळवाल्याला मिक्सरची बाजू मांडायची, मिक्सरवाल्याला उखळाची. नरसय्या म्हणून एकजण होता, यंत्रमागावर चादरी विणणारा, घरी तेलुगू बोलणारा, पन्नाशीचा, तोंडानं फटकळ. तो आत का आला हे मी कधी विचारलं नाही. कुणालाच विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. नरसय्या कट्टर उखळवाला. त्यानं मिक्सरची बाजू मांडायला सुरुवात केली, "बायकांचे हात दुखत नाहीत, हे एक," आणि थांबला. मग हळूच म्हणाला, "माझ्या बायकोचे लई दुखायचे." नंतर त्याची गाडी अशी सुटली की मिक्सरवाले टाळ्या वाजवायला लागले. "व्हय, व्हय, हेच! आमाला हेच म्हनायचंय!" वर्ग संपल्यावर तो मला म्हणाला, "मॅडम, माझंच मत बदललं की! हे काय खरं नाही." त्या दिवशी मी परत येताना नव्या पेठेतून रिक्षा केली नाही, चालत आले. त्या गर्दीत, त्या कापडांच्या ढिगांत, मोटरसायकलींच्या भोंग्यांत, मी आपली एकटीच हसत चाललेय. ओळखीच्या एका दुकानदारानं विचारलं, "काय मॅडम, लॉटरी लागली का?" मी सांगितलं कुठून येतेय ते. त्याचा चेहरा पडला. "त्यांना कशाला हो तत्त्वज्ञान? त्यांनी ज्यांची वाट लावली त्यांना कोण शिकवायला जातं?"

एरवी मी तिथंच भांडले असते. पण नियम म्हणजे नियम. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून त्याचाच पूर्वपक्ष मांडला. म्हटलं, तुमचं म्हणणं असं, की ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरी कुणी फिरकत नाही, आणि ज्यानं केलं त्याच्यासाठी सरकार सतरंज्या अंथरतं. बरोबर? तो म्हणाला, "अगदी बरोबर." आणि खरं सांगू, ते मांडून झाल्यावर माझ्याकडं उत्तरपक्ष नव्हता. निदान त्या दिवशी तरी नव्हता. घरी येईपर्यंत तेच डोक्यात घुमत होतं, की ज्याचा हात मोडला तो माणूस माझ्या वर्गात कुठं आहे?

हाताचं माझ्या डोक्यात आलं ते सिद्राममुळं. त्याच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण तो हिवाळा त्याचा होता.

सिद्राम अक्कलकोटच्या बाजूचा. घरात कानडी, बाहेर मराठी. पस्तिशीचा, उंच, खांदे किंचित पुढं आलेले. थोरल्या भावाशी, महादेव अण्णाशी, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि यानं खोरं उचलून घातलं. भावाचा उजवा हात कोपरात मोडला, तो परत कधी सरळ झालाच नाही. भावानं कोर्टात साक्ष दिली, याला शिक्षा झाली. हे मला त्यानं सांगितलं नव्हतं. तुरुंगाधिकाऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच बाजूला घेऊन सांगितलं होतं. "उन्हाळ्याच्या तोंडाला सुटतोय तो. आणि उठताबसता म्हणतो, सुटलो की पयलं अण्णाला बघतो. घर एकच, अंगण एकच, विहीर एकच. बायको भेटायला येते ती रडत जाते. तुमचं ते तत्त्वज्ञान काही करू शकत असेल तर बघा." हे थट्टेत बोलले नव्हते ते.

सिद्राम वर्गात बोलायचा नाही. बाहेरच्या हवेकडं मात्र त्याचं पक्कं लक्ष. एकदा दारातून आलेल्या वाऱ्याला तोंड देऊन म्हणाला, "आता कनसात दूध भरलं असंल." आमच्या वर्गात शेतकरी पुष्कळ होते. त्या एका वाक्यावर सगळे पाघळले. मग तो तास हुरड्यातच गेला. गूळभेंडी ज्वारीचा हुरडा कसा गोड, दह्याबरोबर खावा की नुसता, आगटीला कुणाच्या गोवऱ्या. जिभा सुटल्या होत्या आणि हातात काही नव्हतं. गायकवाड हवालदारांनीसुद्धा दोन वाक्यं टाकली. सिद्राम म्हणाला, "आमच्यात पयलं कनीस अण्णा भाजतो. म्हंजे भाजायचा," आणि परत दाराकडं तोंड करून बसला.

तोवर पूर्वपक्षानं बराकीत धुमाकूळ घातला होता! एका मंगळवारी हवालदार मला दारातच गाठून म्हणाले, "मॅडम, काय शिकवलंय तुमी ह्यांना? भांडनं लई लांबायला लागलीत." झालं असं होतं, की नळावर बादलीवरून दोघांची जुंपली. एरवी एक शिवी, दुसरी शिवी, मग गचांडी, मग शिट्टी, असा सगळा खेळ झटपट आटपायचा. यावेळी भोवतीचे ओरडायला लागले, "पूर्वपक्ष! आधी पूर्वपक्ष मांड!" आणि ते दोघं, एकमेकांची कॉलर धरलेल्या अवस्थेत, एकमेकांचं म्हणणं मांडत राहिले. "तुजं म्हननं असं की तू आधी बादली ठिवली." "तसं न्हाय. मी ठिवली न्हाय, मी सांगून गेल्तो." "बरं, तू सांगून गेल्तास." "हां. हे बरोबर हाय." तोवर नळाचं पाणी गेलं. दोघांनाही मिळालं नाही. मी तिथंच, त्या छोट्या दारात, पोट धरून हसले. हवालदार म्हणाले, "हसताय काय? माझी बायको पन आता मला म्हनती, आधी माजं मांडा." म्हणजे हवालदार हे घरी जाऊन शिकवत होते!

सुधारणा, पुनर्वसन, असे मोठे शब्द मला तेव्हाही झेपत नव्हते, आताही झेपत नाहीत. तत्त्वज्ञानानं माणूस चांगला होतो का? मी तत्त्वज्ञानातली पुष्कळ माणसं जवळून पाहिलीत, त्यावरून तरी छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्या कॉलर धरलेल्या दोघांना मी आजही डोळ्यांपुढं आणू शकते. हात आवळलेले आणि तोंडात दुसऱ्याचं म्हणणं. त्या अवस्थेत हात फार वेळ आवळून ठेवता येत नाहीत, एवढं मला कळलं. ते दिसलं तेव्हा मला नाचावंसं वाटलं होतं.

आणि मग एके दिवशी सिद्राम उभा राहिला. "मॅडम, मला बोलायचंय. माजं आजवर कोनी ऐकूनच घेतलं न्हाय. कोर्टात वकीलच बोलला. मला सांगायचंय, अण्णानं माज्यावर काय काय अन्याय केला ते." सगळा वर्ग वळून बघायला लागला. माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत नरसय्या म्हणाला, "सांग की. पण आधी पूर्वपक्ष."

सिद्रामच्या लक्षात यायला क्षणभर लागला. "कुनाचा?"

"तुझ्या अण्णाचा. दुसऱ्या कुणाचा?"

मला वाटलं, संपलं. आता हा नरसय्याच्या अंगावर जाणार. हवालदार भिंतीपासून सुटून सरळ उभे राहिले. पण सिद्राम दात आवळून म्हणाला, "ठीक हाय. त्याचं म्हननं असं की सगळं त्यालाच पायजे. तो हावरट हाय, कपटी हाय."

"हा पूर्वपक्ष न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "ही शिवी झाली."

"त्याचं म्हननं असं की मी मेलो तर बरं."

"मी तुझा अण्णा," नरसय्या उठून त्याच्यासमोर उभा राहिला. आणि या माणसानं काय करावं? उजवा हात कोपरात वाकवून, छातीशी धरून उभा राहिला. "मला हे मान्य नाही. मी असं म्हणालो नाही. परत मांड."

तो वाकवलेला हात बघितला आणि सिद्राम गेला. वर्गातून निघूनच गेला. पुढच्या मंगळवारी आला नाही. त्याच्यापुढच्याही नाही. संक्रांत होऊन गेली. वारा इकडचा असला की गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या संक्रांतीच्या यात्रेतल्या पाळण्यांचे भोंगे आमच्या सतरंजीपर्यंत ऐकू यायचे, आणि सगळे मान वर करून ऐकायचे. मी नरसय्याला रागावले. तो म्हणाला, "मॅडम, हात मी नाही मोडला त्याचा." मला रात्रंदिवस एकच भीती. आपण याला शांत करायला गेलो आणि जखमेवरची खपली काढून ठेवली. आता हा सुटल्यावर जे करेल त्यात आपलाही हात असेल. मी ह्यांना म्हटलं, मी जाणं बंद करते. ह्यांनी माझा पूर्वपक्ष मांडला, तोही इतका नीट, की मला रागच आला. आणि पुढच्या मंगळवारी मी परत त्या छोट्या दारातून वाकले.

सिद्राम आधीच येऊन बसला होता, सगळ्यात पुढं. मी फळ्याकडं वळायच्या आत उभा राहिला. यावेळी त्यानं "त्याचं म्हननं असं" म्हटलंच नाही.

"मी म्हादेव," तो म्हणाला. "बाप गेला तवा सिद्राम चड्डीत फिरत हुता. मी शाळा सोडली. कुनी सोडायला लावली न्हाय, पन दुसरं कोन हुतं घरात? विहीर खांदली ती मी. खाली उतरून पहार मारली. हा वर दोर धरायला. मधीच दोर सोडून पतंग बघत बसायचा, मी खालनं वरडायचो. मग हा पुन्याला गेला, कंपनीत. सनाला यायचा, बुटं घालून रानात फिरायचा आनि मला शिकवायचा, अण्णा असं करा, तसं करा. मी ऐकून घेतलं. मग कंपनी बंद पडली. हा आला आनि पयल्याच दिशी म्हनला, निम्मी पाळी माजी. निम्मी हायच की त्याची. न्हाय कोन म्हनतंय? पन त्यानं इच्यारलं न्हाय. हुकूम सोडला. माजी ज्वारी पोटऱ्यात आल्ती. त्या दिवसांत पानी तोडलं तर कनसात दाना भरत न्हाय, हे त्याला म्हाईत न्हाय व्हय? मी म्हनलं, आट दिस थांब. हा म्हनला, एक दिस बी न्हाय. मी त्याला बाजूला सारलं. आनि त्यानं..."

तो थांबला. पाणी मागितलं. कुणीतरी तांब्या दिला, त्यानं अर्धा अंगावर सांडला.

"आनि त्यानं खोरं उचललं," तो म्हणाला आणि खाली बसला.

मी त्या हॉलमध्ये उभी होते आणि मला कळत नव्हतं की टाळ्या वाजवायच्या की रडायचं. नरसय्या सरकत त्याच्यासमोर आला. "आता तुझा उत्तरपक्ष. बोल. आता कुणी अडवणार नाही तुला."

सिद्रामनं मान हलवली. "त्यानं व्हय म्हनलं कुटं अजून?"

"मी म्हणतो की व्हय. मीच झालतो ना तुझा अण्णा?"

"तू नरसय्या हाईस," सिद्राम म्हणाला. "नियम नियम असतो. त्यानं म्हनाय पायजे."

अहो, माझा नियम! चटणीसाठी केलेला! मला वाटलं, उठावं आणि त्या दुकानदाराला नव्या पेठेतून हात धरून इथं आणावं. सिद्रामला आता स्वतःचं म्हणणं मांडायची घाई राहिली नव्हती. त्याला भावाचं "व्हय" पाहिजे होतं.

ते मिळणार कसं? त्यानं तुरुंगातल्या फोनवरून बायकोला सांगितलं, अण्णाला भेटायला पाठव. ती बिचारी घाबरली, हा नवीनच काही डाव आहे असं तिला वाटलं. तरी तिनं निरोप दिला. अण्णाचं उत्तर आलं, "कशाला, दुसरा हात मोडून घ्यायला?" सिद्रामनं ते वर्गात जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाला, "बरोबर हाय त्याचं." परत निरोप. परत नकार. दर मंगळवारी मी आत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "आला का?" आणि हवालदार मान हलवायचे. सगळी बराक सिद्रामच्या अण्णाची वाट बघत होती. कुणी म्हणायचं, येतोय बघा. कुणी म्हणायचं, कशाला येईल? त्याच्या जागी मी असते तर आले असते का, हा विचार मी करायची आणि उत्तर नको असायचं. बाहेर कणसं जून झाली. हुरडा संपला, दाणा टणक झाला, माझ्याकडच्या कामवाल्या मावशी ज्वारीच्या काढणीला गावाकडं गेल्या. उन्हाचा रंग पालटला. सिद्रामचे सुटायचे दिवस जवळ येत चालले आणि तुरुंगाधिकारी मला जाता जाता नुसतंच विचारायचे, "काय वाटतं?" मी म्हणायची, "माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं.

असाच एक मंगळवार. फळ्यावर मी काहीतरी लिहीत होते. गायकवाड हवालदार दारात आले आणि कधी नव्हे ते त्यांचा श्वास लागला होता. "सिद्राम, चल. मुलाखत. भाऊ आलाय."

आत मुलाखत म्हणजे नातेवाइकांची भेट, जाळीच्या अलीकडे एक, पलीकडे एक, आणि वेळ संपली की घंटा. सिद्राम उठला तो धोतर सावरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा उगाचच शर्ट सावरत. दारापर्यंत गेला, परत आला, मला म्हणाला, "मॅडम, मी विसरलो सगळं." नरसय्यानं त्याला ढकललंच. "जा की आता!"

पुढं मी काहीही शिकवलं नाही. कुणीही काही शिकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. सगळे दाराकडं तोंड करून बसले. माझ्या हातातला खडू चुरा होऊन साडीवर पडला होता, हे मला नंतर घरी कळलं. माझ्या स्वतःच्या निकालाच्या दिवशी मी इतकी घाबरले नव्हते. जाळी आहे मध्ये, असं मनाला सांगत होते. तो काही करू शकत नाही. आणि करणार नाही. पण बोलला काही वेडंवाकडं, तर? अण्णा ऐकायच्या आधीच उठून गेला तर? मग उन्हाळ्यात एकाच अंगणात दोघं, आणि कोपऱ्यात तेच खोरं. लांबून घंटा ऐकू आली. मग पावलं.

सिद्राम आला. शर्ट घामानं भिजलेला, डोळे लाल. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, नापास!"

नरसय्या धडपडत उठला.

"मराठीत पाठ केल्तं सगळं. तितं गेलो, अण्णा दिसला, आनि मराठी सुचंना. आमी घरात कानडी. मग कानडीत सांगितलं, कसंबी, मागंपुडं. पहार सांगितली, दोर सांगितला, पतंग सांगितला, बुटं सांगितली. तो माज्याकडं बघंना. जमिनीकडं बघत हुता. मी म्हनलं, अण्णा, तुजं म्हननं हेच हाय का? हेच हाय का, सांग." त्यानं मनगटानं नाक पुसलं. "तो म्हनला, न्हाय."

नरसय्या मटकन खाली बसला.

"म्हनला, ह्यातलं एकबी न्हाय. पान्याचं तर काढूच नगो, पानी तुजंबी हाय. तुला कायबी कळलं न्हाय, म्हनला. आनि मग सांगाय लागला, मॅडम! अण्णा! बाप गेला तवा बी बोलला न्हाय तो मानूस. जाळीला तोंड लावून बोलाय लागला. मी नुसतं ऐकतोय. मला एक शब्द मधी बोलावासा वाटला न्हाय. आनि घंटा झाली."

"मग?" चारपाच जण एकदम ओरडले. हवालदारही.

"मग काय. उठला. जाता जाता वळला आनि म्हनला, ऱ्हायलेलं पुडल्या मंगळवारी. आनि आज सांगितलं तेवडं ध्यानात ठेव, मी आलो की मला परत म्हनून दाखव." सिद्राम हसत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. तो थेट सतरंजीच्या मधोमध येऊन उभा राहिला. "मला पाठ करायचंय. हितं अण्णा कोन हुतंय?"

नरसय्यानं हात वर केला. मग त्याच्या शेजारच्यानं. मग मागच्या ओळीतल्यांनी. मग सगळ्यांनीच केला, आणि मी बघितलं तर माझाही वर होता.